अंथरुणावरची राखण

मला झोप लागते.

एवढं एक वाक्य लिहून मी पेन खाली ठेवलं, बंबात दोन लाकडं सारून आले आणि परत वाचलं. खरंच आहे. मला झोप लागते, रोज लागते, आणि हे लिहितानासुद्धा मला हसू येतंय. ज्यांना आपोआप लागते त्यांना यात काय नवल वाटणार? पण ज्यांना लागत नाही त्यांना कळेल. हे मी त्यांच्यासाठीच लिहिते आहे.

माझं शिक्षण चौथी. त्यानंतर लिहायची वेळ आली ती आहेराच्या पाकिटावर नाव घालण्यापुरती. बोलण्यात तर मी त्याहून कच्ची. हळदीकुंकवाला गेले तरी दाराजवळची जागा धरते, म्हणजे कुणी नाव घ्यायला सांगायच्या आत उठून पळता येतं. कागद आपल्याकडं टक लावून बघत नाही, म्हणून त्याच्याशी बोलता येतंय. हे कुणाला दाखवायचं ते अजून मी ठरवलेलं नाही.

झोप कशी गेली

आमची वस्ती उंब्रजपासून थोडी आत, रानातच आहे. घराच्या तिन्ही बाजूंनी ऊस. शेतातल्या मोटारीची लाईट एक आठवडा दिवसा असते आणि एक आठवडा रात्री. रात्रीची लाईट असली की आमचे मालक बॅटरी आणि काठी घेऊन उसाला पाणी पाजायला जायचे. ते फौजेतून पेन्शनीवर आलेले, अंधाराचं त्यांना काही वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं. पण एका सकाळी बांधावरच्या ओल्या मातीत बिबट्याचे ठसे निघाले. हे मला हाताला धरून दाखवायला घेऊन गेले, जणू बाजारातून नवी वस्तू आणली आहे.

"बघ, केवढा पंजा हाय! आन् त्येच्या शेजारी माझा बूट!"

दोन्ही ठसे शेजारी शेजारी होते. यांना त्याचं कौतुक. मला ते दोन ठसे डोळ्यांपुढून हलेनात.

तेव्हापासून हे रानात गेले की मी अंथरुणावर पडून कान लावायची. आधी मोटार चालू झाल्याचा आवाज, मग कुत्र्यांचा, मग उसाच्या पाल्याचा आणि शेवटी यांच्या फटफटीचा. फटफटी दारात आली की माझा डोळा लागायचा. पुढं पुढं तोही लागेना. मग यांना माझी दया आली. यांनी मोटारीला ऑटोस्विच बसवला, रानात ठिबक केलं आणि रात्रीचं जाणंच बंद केलं. "आता निवांत झोप," म्हणाले आणि माझ्या शेजारी घोरायला लागले.

मी जागीच. फटफटी दारात उभी, नवरा शेजारी, आणि मी कान लावून पडलेली. कशाला कान लावलाय ते माझं मलाच कळत नव्हतं. बिबट्यापेक्षा मला त्याचीच जास्त भीती वाटायला लागली.

ज्यानं त्यानं सांगितलेलं

झोप येत नाही हे भावकीत कळलं की प्रत्येकाकडं एक औषध असतं. जायफळ उगाळून दुधातून घेतलं. काशाच्या वाटीनं तळपाय घासून घेतले. ते मालकांनी स्वतः घासले, दार लावून, कुणाला सांगायचं नाही या अटीवर. घासता घासता तेच आडवे झाले. आता लिहिलंच मी.

आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मीठमोहऱ्या उतरून टाकल्या. त्यानं काही होईना तेव्हा पालीच्या खंडोबाला नवस बोलल्या, "हिला झोप लागू दे, दारात जागरण घालीन." जागरण म्हणजे वाघ्या-मुरळी बोलवायचे आणि रातभर देवाची गाणी म्हणायची. झोपेसाठी जागरणाचा नवस! मालक हसले तर आत्याबाई कडाडल्या, "देवाला कळतंय सगळं. तू गप."

शेजारची सुमन मला कराडला एका सेंटरवर घेऊन गेली. तिथं ओळीनं गरम गाद्या असतात, आतून गोळे फिरतात, पाठ शेकून निघते. माझ्या शेजारच्या गादीवरची बाई बघता बघता घोरायला लागली. मी तिच्याकडं बघत पडून राहिले. एवढा हेवा मला कुणाच्या दागिन्याचा कधी वाटला नाही.

शेवटी एका डॉक्टरांनी गोळी दिली. त्यांनी थोड्या दिवसांपुरती सांगितली होती. मी ती महिनोन् महिने घेतली आणि कुणाला न विचारता एकीच्या दोन केल्या. गोळीनं यायची ती झोप नव्हती, डोक्यावर घातलेलं झाकण होतं. सकाळी ते झाकण निघता निघायचं नाही.

पलूसची बासुंदी

माझी एकुलती एक लेक रेश्मा पलूसला दिली आहे. तिला दिवस गेले आणि पाचव्या महिन्यात चोरओटी ठरली. मी आदल्या दिवशीच पोचले. विहीणबाईंनी मला मानाचं काम दिलं, बासुंदीचं दूध आटवायचं. नुसतं हलवत राहायचं. रात्रीच्या दोन गोळ्या अजून माझ्या डोक्यात होत्या. हलवता हलवता मी उभ्या उभ्या झोपेत गेले. पळी सुटली, पातेलं कलंडलं आणि उकळतं दूध माझ्या पायावर आलं. ओरडायलासुद्धा मला उशीर झाला.

विहीणबाई चांगल्या बाई आहेत. त्यांनी स्वतः माझ्या पायावर गार पाण्याची धार धरली. मलमपट्टी झाल्यावर माझ्या शेजारी बसल्या आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "राग मानू नगासा. पर उद्या ह्या पातेल्याच्या जागी न्हाणीतलं पाणी असलं, आन् तुमच्या पायावर नातवंड असलं, तर? बाळंतपण हितंच करू आपण."

पहिलं बाळंतपण आईनं करायचं असतं. मी माझ्या जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवून पेटीत ठेवली होती. पण मी काय बोलणार? त्यांचं काही खोटं नव्हतं. रेश्मा मात्र आपल्या सासूला म्हणाली, "आत्या, आठवा लागेपर्यंत थांबा. तोवर आम्ही आईला बरं करतो. नाही झाली बरी, तर मी इथंच राहीन, माझं वचन."

मी तिच्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाज मात्र तिच्या आजीसारखा खणखणीत.

हळदीचा भाव

रेश्मानंच सांगलीच्या मनोविकाराच्या डॉक्टरांची वेळ घेतली. कराड आम्हाला जवळ. पण मालक म्हणाले, "डोक्याच्या डाक्टरकडं जायाचंच तर लांब जाऊ. कराडात निम्मं गाव भेटतंय." म्हणून एसटीनं एवढ्या लांब गेलो. दवाखान्याच्या दारातच मी पदर नाकापर्यंत ओढून घेतला.

आत बाकावर आमच्या गावचे शंकरतात्या बसले होते. तालमीचे वस्ताद. पिळदार मिशा, फेटा. त्यांना बघून मालकांचे पाय उंबऱ्यातच थांबले.

"काय रं, हिकडं कुठं?" तात्यांनीच आधी विचारलं.

"हळदीचा भाव बघाया आलतो तात्या. तुमी?"

"मी बी हळदीचंच."

आमच्या काय नि तात्यांच्या काय, रानात हळदीचं एक रोप नाही. मग तात्यांच्या मिशा हलायला लागल्या आणि ते एवढ्या मोठ्यानं हसले की आतली नर्स बाहेर येऊन बघून गेली.

"आरं, गावानं बघू न्हाई म्हणून कराड सोडून एवढ्या लांब आलो दोघंबी. आन् बघितलं कुणी? गावानंच!" मग माझ्याकडं वळून म्हणाले, "सूनबाई, पदर वर घे. गुदमरशील. हितं आपुन सगळी सारखीच."

मी पदर वर घेतला. तात्यांना काय होत होतं ते मी लिहिणार नाही, ते त्यांचं. पण तालमीत चार गडी अंगावर घेणारा माणूस त्या बाकावर बसलेला बघून माझी निम्मी लाज गेली.

डॉक्टरांनी सगळं विचारून घेतलं, पायही बघितला. मग म्हणाले, "याला निद्रानाश म्हणतात. हे वेड नाही आणि तुमची चूकही नाही. हे बरं होतं."

मी मालकांकडं बघितलं, त्यांनी ऐकलं का म्हणून. हे बरं होतं! एवढ्या दिवसांत घे, लाव, उतरव, सगळं सांगणारे भेटले, पण हे वाक्य कुणी बोललं नव्हतं.

"गोळ्या एकदम तोडायच्या नाहीत," डॉक्टर म्हणाले. "मी टप्प्याटप्प्यानं कमी करून देतो. पण खरा उपाय बोलून करायचा आहे, दर आठवड्याला. त्यासाठी सांगलीपर्यंत कशाला येता? उंब्रजला एक ताई बसतात, झोपेच्या तक्रारींचंच काम करतात."

"उंब्रजला?" मालक खुर्चीतून पुढं सरकले. "आमच्या उंब्रजला?"

"बाजारपेठेत. बियाणांच्या दुकानाच्या वर."

त्या दुकानाच्या कडेचा जिना मला पाठ होता. दर बाजाराला पिशवी टेकून मी त्याच्याच खालच्या पायरीवर बसायची, मालक फटफटी घेऊन येईपर्यंत. माझं औषध इतके दिवस माझ्या डोक्यावर बसलं होतं!

जिन्याच्या वर

ताई तिशीच्या असतील. साधा पंजाबी ड्रेस, केसांना चाप. खोलीत दोन खुर्च्या, एक पंखा, पाण्याचा तांब्या. मला वाटलं होतं काहीतरी मशीन असेल.

त्या दिवशी मी निम्मा वेळ नुसती पंख्याकडं बघत बसले. त्या विचारायच्या आणि मी "व्हय" नाहीतर "न्हाई" म्हणायची. दुसरी कुणी असती तर कंटाळली असती. त्या थांबल्या आणि मग त्यांनी एक वेगळंच विचारलं.

"काकू, अंथरुणावर पडल्यावर तुम्हाला काय काय ऐकू येतं?"

आणि मी सुटले! कुठली फटफटी कुणाची ते मी चेनच्या आवाजावरून सांगते, म्हटलं. मोटार पाणी ओढतेय की कोरडी फिरतेय ते कळतं. कुत्रं कोल्ह्याला बघून कसं भुंकतं आणि बिबट्याची चाहूल लागली की कसं एकदम गप होऊन दाराशी येतं, तेही सांगितलं. उसात वारा शिरला तर पाला सगळीकडं वाजतो, जनावर शिरलं तर एका रेषेत वाजतो. मी इतकं बोलले की खाली थांबलेले मालक दोनदा वर येऊन डोकावून गेले.

"हे कधीपासून ऐकता?"

"बिबट्यापासून," म्हटलं. मग मीच थांबले. खरं तर तसं नव्हतं. हे फौजेत होते तेव्हा फोन फक्त शेजारच्या घरी होता. रात्री तो वाजला तर आपल्याला ऐकू यायला पाहिजे म्हणून मी भिंतीकडं कान करून निजायची. यांची सगळी नोकरी मी तशी काढली. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे असंच वाटलं नव्हतं.

ताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "काकू, तुम्ही अंथरुणावर झोपायला जातच नाही. तुम्ही राखणीला जाता."

जोंधळ्यात माळ्यावर बसून पाखरं राखणारा माणूस झोपेल का? झोपला तर तो राखणदार कसला? आणि मी मात्र रोज राखणीला बसून स्वतःलाच विचारत होते, झोप का येत नाही म्हणून! मी हसले. दाराजवळ बसणारी मी, परक्या खोलीत, मोठ्यानं हसले.

उलटा उपाय

उपाय ऐकून मात्र घरात गोंधळ उडाला. ताईंनी सांगितलं, मध्यरात्रीपर्यंत अंथरुणाकडं फिरकायचं नाही. पहाटे पाचला उठायचंच, झोप झालेली असो वा नसो. दुपारी आडवं व्हायचं नाही. आणि पडल्यावर झोप येईना तर उठून बाहेर येऊन बसायचं, राखण करत पडायचं नाही. हे माझ्यापुरतं होतं. ज्याला त्याला त्या बघून, विचारून देतात, म्हणून माझं ऐकून कुणी घरच्या घरी करू नये.

"काय बाई तरी!" आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. "झोप न्हाई म्हणून गेली, आन् ती म्हनतिया झोपू नगं! आन् ह्येला फी देतासा?"

तरी राखायला त्याच पुढं आल्या. रोज जेवणं झाली की भुईमुगाच्या शेंगांचं घमेलं माझ्यापुढं ठेवायच्या आणि फोडायला बसवायच्या. माझी मान जरा कलली की एक शेंग माझ्या अंगावर यायची. नेम चांगला आहे त्यांचा. दुपारची पाळी सुमनची. कुंपणापलीकडून ती ओरडायची, "वैनी, डोळं उघडं हायत का मिटलं?" सगळ्या वस्तीला कळलं. मला लाजून मेल्यासारखं व्हायचं, पण झोप उडायची.

पहिले दिवस वाईट गेले, ते लपवत नाही. अंग ठणकायचं, उगाच रडू यायचं. एकदा मालकही चिडले, "आधी एकटी जागी हुती, आता सगळं घर जागं हाय!" आणि ताट सारून रानात निघून गेले. मी दिवसभर कुणाशी बोलले नाही. रेश्माचा फोन आला तरी "बरं आहे" म्हणून ठेवला. तिला सातवा लागला होता. पेटीतल्या दुपट्यांकडं बघवत नव्हतं.

पहारा बदलला

हे ताईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, पुढच्या वेळी मालकांना आणि सासूबाईंना, दोघांनाही घेऊन या.

आत्याबाई जिना चढताना प्रत्येक पायरीला कुरकुरल्या. वर आल्यावर ताईंनी त्यांना राखणीचं सांगितलं, फौजेच्या वेळचं, भिंतीला कान लावायचं, सगळं. मी मान खाली घालून बसले होते.

आधी मालक बोलले. "फौजेत पहारा बदलतोय. बदली आल्याबिगर संत्री जागा सोडत न्हाई." मग माझ्याकडं बोट केलं. "हिला बदली कवा आलीच न्हाई."

"मग मी हाय की!" आत्याबाई एकदम म्हणाल्या. "माझं म्हातारीचं डोळं तसंबी कोंबडं आरवायच्या आधी उघडत्यात. आजपास्नं राखण माझी. तू झोप गं."

त्या नुसतं बोलून थांबल्या नाहीत. त्याच दिवशी त्यांनी आपली वाकळ सोप्यात दाराजवळ टाकली आणि मालकांची रानातली काठी मागून घेऊन उशाला ठेवली. माझी वेळ झाली तेव्हा म्हणाल्या, "जा आता. मी बसलेय न्हवं?"

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मला असं कुणी म्हटलं नव्हतं. आत जाऊन पडले. थोड्या वेळानं सोप्यातून घोरणं ऐकू आलं. राखणदार माझ्या आधी झोपला होता! मी अंधारात एकटीच हसले. पण पहारा बदलला होता. आता राखणदार झोपला तर ती त्यांची चूक, माझी नाही.

त्यानंतर किती दिवसांनी ते नेमकं आठवत नाही, पण ती सकाळ आठवते. मालक मला खांद्याला धरून गदागदा हलवत होते.

"अगं ऊठ की! पाच वाजून गेलं."

"आवं, तुमी मला उठवलं?"

"मग? किती हाका मारायच्या?"

"तसं न्हवं. तुमाला मला उठवावं लागलं!"

हे कळायला त्यांना थोडा वेळ लागला. मग ते सोप्यात धावले. "आये, आगं आये, हिला उठवावं लागलं!" आत्याबाईंनी काठी टाकली आणि दोन्ही हात पालीच्या दिशेनं जोडले. मी सुमनच्या कुंपणाशी जाऊन उभी राहिले आणि जन्मात पहिल्यांदा मीच मोठ्यानं हाक मारली. "सुमन, माझं डोळं मिटलं हुतं गं!"

ज्यासाठी घातलं तेच

पुढं ताईंनी माझी झोपायची वेळ थोडी थोडी अलीकडं आणली. सांगलीच्या डॉक्टरांनी गोळ्या कमी करत करत थांबवल्या. एखादी रात्र मागं जायची, पण मी घाबरायची नाही, कारण आता काय करायचं ते मला माहीत होतं.

रेश्माला आठवा लागला आणि आत्याबाईंनी जागरणाचा दिवस धरला. नवस फेडलाच पाहिजे. विहीणबाईंनाही बोलावलं. त्या रेश्माला घेऊन येणार होत्या, पण रेश्माची पिशवी गाडीतच राहणार होती. मला बघून मग ठरवायचं, असं बोलणं झालं होतं.

मला वेगळीच धास्ती. ज्याच्या नावचं जागरण त्यानं जागं बसायचं असतं. रातभर जागले तर बसलेली घडी मोडेल आणि सकाळी विहीणबाईंना दिसेल तेच तारवटलेलं तोंड. मी ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "बसा की. वेळ झाली की उठून आत जा. पण हे सासूबाईंना तुम्ही स्वतः सांगायचं, मी नाही."

मी दिवसभर मनात वाक्य जुळवत होते. चहा देताना सांगायचं ठरवलं, जमलं नाही. भंडारा ताटात काढताना सांगायचं ठरवलं, जमलं नाही. पाहुणे आले, दारात मांडव, दिवट्या पेटल्या, शंकरतात्या फेटा बांधून पुढं बसले. मी खांबाला टेकून बसले, एका बाजूला रेश्मा, दुसऱ्या बाजूला विहीणबाई. वाघ्यानं दिमडीवर थाप मारली, तुणतुणं सुरू झालं, मुरळी हातातली घंटी वाजवत उभी राहिली. एवढंच मला आठवतंय.

पुढचं मला रेश्मानं सांगितलं.

माझी मान कलली तशी वाघ्यानं दिमडी थांबवली. "आजी, ज्यांच्या नावचं जागरण त्याच झोपल्या की! उठवायचं का?"

तात्या म्हणाले, "उठवू नका, जरा हळू वाजवा."

तेवढ्यात आत्याबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "कशाला हळू? म्या देवाला काय मागितलं हुतं? हिची झोपच मागितली हुती न्हवं? दिली त्येनं. ज्येच्यासाठी घातलं त्येच चाललंय. बघू दे की त्येला डोळं भरून! वाजवा! जोरात वाजवा!"

रेश्मा सांगते, एवढं जोरात जागरण पंचक्रोशीत झालं नसेल. तात्या भंडारा उधळत नाचले. मालक नाचले. मी हललेसुद्धा नाही.

मी डोळे उघडले तेव्हा उजाडलं होतं. मांडवात पिवळाच पिवळा भंडारा, सुमन चहा वाटत होती, आणि माझं डोकं विहीणबाईंच्या मांडीवर होतं. मी धडपडून उठले, पदर सावरला. लाजेनं कुठं बघू कळेना.

"उठलासा व्हय?" विहीणबाई मांडी चोळत म्हणाल्या. "रातभर मुंग्या येऊन पार गेली बघा माझी मांडी. काय झोपतासा ओ तुमी!"

"मला उठवायचं तरी..."

"कशाला उठवू?" त्या हसल्या. "रेश्माची पिशवी म्या कवाच आत न्हेऊन ठिवली."

आता

नातू झाला. पेटीतली दुपटी निघाली. रोज सकाळी मी पाय लांब करून बसते, त्याला पायावर घेते आणि कोमट पाणी घालते. माझ्या एका पायावर दुधाचा डाग आहे. बाळाची टाच बरोबर त्या डागावर येते.

तुमच्यातलं कुणी माझ्यासारखं कान लावून पडलेलं असेल, तर एवढंच सांगते. लांबच्या गावाला तोंड लपवून जायच्या आधी आपल्या बाजारपेठेतल्या जिन्यांवर नजर टाका. वर कोण बसतंय ते विचारा. विचारायला लाज वाटत असेल तर माझ्याकडं बघा, मला तर वेळ विचारायचीही लाज वाटायची. आणि घरातल्या कुणाला तरी सांगा, आज राखण तुझी.

रात्री बाळ रडतं. मला ते ऐकू येत नाही! रेश्मा मला हलवते, "आई, अगं आई, ऊठ ना, किती झोपतेस!" मी उठते, त्याला खांद्यावर घेते, थोपटते. सोप्यातून आत्याबाई झोपेतच ओरडतात, "कोन हाय त्ये?" मी म्हणते, "मीच हाय." त्या परत घोरायला लागतात. बाळ निजतं, आणि त्याच्या शेजारी मीही.

बंबातलं पाणी तापलं असेल. उठते.